भुंग्यांसाठी बांबू

परदेशातल्या, चोआ चू कांग भागातल्या त्या फ्लॅटमध्ये दिवसाचा पहिला आवाज असायचा काठ्यांचा. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बाहेरच्या भिंतीत नळ्या बसवलेल्या होत्या. धुतलेले कपडे लांब काठीवर चढवायचे, काठी खिडकीतून बाहेर काढायची आणि तिचं टोक त्या नळीत खोचायचं, अशी तिथली रीत. सगळ्या इमारतीतल्या बाया हे काम एकाच सुमाराला करत, त्यामुळे वरपासून खालपर्यंत खडखडाट सुरू व्हायचा आणि माझी झोप मोडायची. आम्ही नवव्या मजल्यावर राहत होतो. भंडाऱ्याकडच्या गावात अंगणातल्या तारेवर कपडे टाकत आलेल्या माझ्या आईला हा प्रकार मुळीच पटला नव्हता. पहिले दोन महिने ती कपडे घरातच, खुर्च्यांच्या पाठीवर वाळवायची. आम्ही जेवायला बसलो की बाबांची पँटही आमच्या पंगतीला असायची.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. बाबा एका शिपयार्डात इंजिनिअर होते. सकाळी आंघोळ झाली की ते बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती आणि अगरबत्ती लावत आणि आम्ही तिघं वंदना म्हणत असू. बाबा पुढे म्हणायचे, आई आणि मी मागून. पंचशीलाची वेळ आली की त्यांचा आवाज चढायचा, जणू आम्ही दोघी गृहपाठ न केलेल्या पोरी आहोत. मग लिंबू पिळलेले पोहे, त्यावर आईने तेलात परतलेल्या जवसाच्या चटणीची चिमूट, आणि बाबा धावत बस पकडायला. संध्याकाळी घरात पाऊल टाकताच त्यांचा एकच प्रश्न असायचा, "पत्र आलं का?" खरं तर खालची पत्रपेटी तेच उघडून वर आलेले असायचे. तरी विचारायचे. पीआरचा, म्हणजे कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज केलेला होता आणि बाबांचं कंत्राट संपत आलं होतं. परवानगी मिळाली तर आम्ही इथे. नाही मिळाली तर माझ्या ओ लेव्हलच्या, म्हणजे तिथल्या दहावीच्या, परीक्षेच्या तोंडावर बाडबिस्तरा गुंडाळून परत. घरात कुणी मोठ्याने हसलं तरी बाबा खिडकीकडे बघायचे, शेजाऱ्यांची तक्रार व्हायला नको म्हणून.

आईचं या गावात कुणीच नव्हतं. तिकडे ती शाळेत शिकवायची, इथे डिपेंडंट पासवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेल्या परवान्यावर, घरात बसली होती. इंग्रजी वाचता यायचं, बोलताना मात्र घशात अडकायचं. तिला घराबाहेर काढलं ते कारल्याच्या एका वेलाने. इमारतीमागे रहिवाशांची सामाईक बाग होती. तिथला वेल तिला खिडकीतून दिसला आणि एके दिवशी ती खाली जाऊन त्याच्यापुढे उभी राहिली. बागेचा कारभार पाहणारे लिम अंकल तिच्याकडे आले, दोन कारली तोडून हातावर ठेवली आणि पाणी घालायला निघून गेले. दुसऱ्या दिवशी आईने भरली कारली डब्यात घालून नेली. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं असल्यामुळे एकमेकांचं बोलणं त्यांना उत्तम कळायचं. मी मध्ये दुभाषी म्हणून गेले की उलट घोटाळा व्हायचा.

लिम अंकल रिटायर्ड होते, बारीक अंगाचे, कायम अर्ध्या चड्डीत. त्यांचा जीव पॅशनफ्रूटच्या वेलावर होता. मांडव जांभळ्या-पांढऱ्या फुलांनी भरून जायचा आणि फळ एकही धरायचं नाही. या फुलाला साधी मधमाशी पुरत नाही, मोठा काळा भुंगाच लागतो. पूर्वी पार्किंगजवळ एक वाळलेलं झाड होतं, त्याच्या लाकडात भुंगे राहायचे. झाड पाडलं आणि भुंगे गेले. "नो हाऊस, हू वाँट टू स्टे?" अंकल म्हणायचे. मग त्यांनी वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं आणि त्यात बघून भुंग्यांसाठी लाकडी पेटी केली. पुस्तकात लिहिलं होतं की पेटीत मऊ वाळकं गवत, शेवाळ आणि कापूस भरावा. आईने उत्साहाने आमची एक उशी उसवून त्यातला सावरीचा कापूस दिला. गवत कुस्करून, बोटांनी मोकळं करून, कापसाचा थर देऊन अशी काही गादी तिने तयार केली की मला स्वतःला तिथे झोपावंसं वाटलं. आठवडाभरात त्यात मुंग्यांनी संसार थाटला. ते पुस्तक थंड देशातल्या, अंगावर केसांची लोकर असलेल्या भुंग्यांचं होतं. ते जमिनीत, उंदरांच्या जुन्या बिळात राहतात. आमच्याकडच्या भुंग्यांना गादी नको, लाकूड पोखरायला हवं असतं, हे अंकलना ठाऊक होतं, पण छापलेल्यापुढे त्यांचं काही चालेना.

आई त्या पेटीकडे बघत म्हणाली, "आमच्या गावात भुंगे कुंपणाच्या बांबूत राहायचे. गवत कशाला?" हे मी अंकलना सांगितलं आणि ते थेट जिन्याखालच्या अडगळीकडे गेले. त्या सुमारास लोक कपड्यांच्या जुन्या बांबूच्या काठ्या टाकून अॅल्युमिनियमच्या आणत होते. टाकलेल्या सहा-सात काठ्या तिथे पडून होत्या. वर्षानुवर्षांच्या उन्हात पिवळ्याधमक झालेल्या, अगदी हव्या तशा.

पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात बांबूचंच राज्य होतं. आई पट्टीची शिक्षिका, तिने काम आखून दिलं. प्रत्येक तुकडा वीतभर लांब, एका टोकाला गाठ शाबूत ठेवून कापायचा, म्हणजे मागची बाजू आपोआप बंद राहते. पोकळी बोट जाईल एवढी, त्याहून बारीक किंवा जाड असेल तर बाजूला. आतलं पांढरं पापुद्र्यासारखं असतं ते तारेने खरवडून काढायचं. मग उघडं तोंड पॉलिश पेपरने घासायचं, इतकं की जिभेला लागलं तरी टोचू नये, कारण कूस राहिली तर भुंग्याचे पंख फाटतात. काठ्यांना साबणाचा वास मुरलेला होता, म्हणून साध्या पाण्याने चारचारदा धुवायचं. बादलीत भिजत मात्र टाकायचं नाही. डासांच्या भीतीने तिथे साचलेल्या पाण्याला कडक बंदी, तपासायला माणसं घरी यायची. रंग नाही, डिंक नाही, तेल नाही. मी नाक मुरडत घासायला बसायचे. आजही सुतारकामाच्या दुकानावरून जाताना तो कोरडा, गोडसर भुसा नाकात शिरला की मी दोन पावलं रेंगाळते. माझी मुलगी तिथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणते, "आई, यू सो वियर्ड, लाह." म्हणू दे.

एका काठीतून पिठासारखा भुसा गळला तेव्हा अंकलनी हुकूम सोडला की सगळे तुकडे मोठ्या पातेल्यात उकळायचे, आतली कीड मरते. आईने मान हलवली. रोज सकाळी प्राणिहत्या करणार नाही असं म्हणायचं आणि दुपारी किडे उकळायचे, हे तिला जमणारं नव्हतं. "सन," ती म्हणाली, बोट आभाळाकडे करत, "हॉट सन. दे गो आउट." बागेत इमारतीची सावली, आमच्या स्वयंपाकघराची खिडकी मात्र पश्चिमेची, दुपारी भट्टी पेटायची. ठरलं की तुकडे आमच्या काठीला टांगून वाळवायचे. जी बाई कपड्यांची काठी बाहेर काढायला घाबरत होती, ती भुंग्यांसाठी तयार झाली. आईने एक जुनी सुती साडी फाडली आणि मला म्हणाली, "पट्ट्यांची झोळी कर, दुहेरी बांध. वारा सुटला की ताबडतोब आत घे."

इथे माझी चूक सुरू होते आणि ती मी कुणावर ढकलू शकत नाही. शाळेतल्या मैत्रिणी खालून जायच्या. आमच्या खिडकीत फाटक्या साडीचं गाठोडं लोंबकळताना दिसलं तर काय म्हणतील, याच काळजीने मी अर्धी झाले. लिटिल इंडिया या भारतीय बाजारातून दर रविवारी आणलेल्या कांद्यांची लाल जाळीची एक पिशवी स्वयंपाकघराच्या खिडकीत कधीची अडकवलेली होती. ती बरी दिसेल, आणि हवाही लागेल, असा शहाणा विचार मी केला. ती पिशवी कित्येक आठवडे त्याच उन्हात कडक होत होती हे माझ्या ध्यानातही आलं नाही. तेवीस तुकडे त्यात भरले, तोंड बांधलं आणि काठीला अडकवून बाहेर सोडलं. आईला सांगितलं, "झालं." कशाने बांधलं ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी आई बागेत गेली होती. मी पलंगावर पडून वाचत होते. वाऱ्याने दार आपटलं, आभाळ काळं झालं, आणि मला आठवलंही की पिशवी आत घ्यायची आहे. पानभर उरलं होतं, तेवढं संपवून उठू म्हटलं. मग एक बारीक फाटल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने, फार थोड्या वेळाने, खालून फरशीवर काठ्या बडवल्यासारखा आवाज. मी खिडकीशी धावले. काठीच्या टोकाला लाल जाळीच्या चिंध्या फडफडत होत्या. खाली वाटेवर बांबूचे तुकडे विखुरले होते आणि त्यांच्या मधोमध आईची निळी छत्री उलटी पडली होती.

छत्री होती, आई नव्हती. लिफ्टची वाट बघवेना म्हणून जिन्याने उतरले, नऊ मजले कसे उतरले ते मला आजही सांगता येणार नाही. मनात एकच वाक्य फिरत होतं, मी आईला मारलं, मी आईला मारलं. खाली पोचले तर इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, खांबाला टेकून, आई उभी होती. वाऱ्याने छत्री उलटली, ती तिच्या हातून सुटली, आणि छत्री गेली तर गेली म्हणून ती पाऊस चुकवायला चार पावलं आत धावली. त्या चार पावलांत सगळं पडलं. मी तिच्या गळ्यात पडून ओरडून रडायला लागले. घाबरली की आईची गावाकडची बोली बाहेर यायची. "कायले रडून राहिली वं? जिवंत आहो ना मी. हे पाह्य, हात आहे, पाय आहे." तिने माझे दोन्ही हात घेऊन स्वतःच्या खांद्यांवर ठेवले. जीव भांड्यात पडतो म्हणजे काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं. तिचे खांदे ओले होते आणि गरम होते.

लिम अंकल बागेतून धावत आले. एका नजरेत त्यांना सगळं समजलं. त्यांनी तुकडे टोपलीत गोळा केले, वर बघितलं, आणि म्हणाले, "आय सी नथिंग. गो अप, गो अप." उंचावरून वस्तू पडणं हा तिथे साधा गुन्हा नाही, पोलीस येतात. आणि ते आलेही. तळमजल्यावरच्या कुणीतरी आवाज ऐकून कळवलं होतं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये कागद चिकटवलेला होता की काही पाहिलं असल्यास अमुक अधिकाऱ्याला कळवा. पोलीस स्टेशनचा पत्ता होता.

बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. ते मला एका शब्दानेही रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "कुणाला लागलं नाही. कुणी बघितलं नाही. आपण काही बोलायचं नाही. पत्र येईपर्यंत तरी नाही." आईने "अहो" म्हटलं, त्यांनी हात वर केला. जेवणात त्या दिवशी आईने वांग्याचं भरीत केलं होतं, बाबांचं आवडतं. त्यांनी ते ताटात एका बाजूला सारलं आणि नुसती भाकरी खाल्ली.

सकाळी वंदनेला बसलो. बाबा म्हणत गेले, आम्ही मागून म्हणत गेलो. पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं. चौथं खोटं न बोलण्याचं. बाबा थांबले. आम्ही वाट बघत राहिलो. मग ते एकदम पाचवं म्हणायला लागले, खालच्या आवाजात, घाईने. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी डोळे किलकिले करून पाहिलं तर बाबा मूर्तीकडे न बघता जमिनीकडे बघत होते. या माणसाने मला सुट्या पैशांबद्दलसुद्धा कधी खोटं बोलू दिलं नव्हतं. त्यांना असं बघण्यापेक्षा परत भंडाऱ्याला गेलेलं बरं, असं मला प्रथमच वाटलं.

त्याच सकाळी आईने पोह्यांची बशी त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "आज मी त्या साहेबांकडे जाते आहे. सुजाताला घेऊन." सुजाता म्हणजे मी.

"अगं, तुला समजतंय का? अर्ज गेला म्हणून समज."

"समजतं. मलाही त्या पत्राची भीती वाटते. पण तुम्ही तीन दिवस चौथं शील गिळताय, त्याची जास्त वाटते."

बाबा उठले, पोहे तसेच टाकून कामाला निघून गेले. आईने कपाटातली निळी साडी काढली, फाटक्या लाल जाळीची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि रस्ताभर पुटपुटत इंग्रजी वाक्यं पाठ करत माझ्याबरोबर चालू लागली. बसस्टॉपवर पोचलो तर तिथे बाबा उभे. कामावर गेलेच नव्हते. "कुठली बस घ्यायची ते तुला माहीत नाही," एवढंच ते म्हणाले, आणि आमच्या पुढे बसमध्ये चढले.

अधिकारी तरुण होता, बाबांच्या निम्म्या वयाचा. त्याने तिघांना बसायला सांगितलं. बाबा तोंड उघडणार तोच आईने जाळी टेबलावर ठेवली.

"सर, नाइन्थ फ्लोअर. बांबू इज माय."

"आय हँग," मी म्हटलं. "बॅग वॉज ओल्ड. शी टोल्ड मी टू युज क्लॉथ. आय डिडन्ट."

त्याने लिहून घ्यायला सुरुवात केली. बांबू कशासाठी, असं विचारल्यावर आईने दोन्ही हातांची बोटं फडफडवून भुंगा करून दाखवला. तो गंभीर राहिला. मग त्याने विचारलं की पडलं तेव्हा खाली कोण होतं, त्यांचं नाव हवं.

"मी," आई म्हणाली.

"नो, मॅडम, द पर्सन अंडरनीथ."

"येस. मी. आय वॉज अंडर."

त्याने पेन खाली ठेवलं. आधी आईकडे, मग बाबांकडे बघितलं. "सो यू ड्रॉप, अँड ऑल्सो यू ऑलमोस्ट किना?" किना म्हणजे तिथल्या बोलीत तडाखा बसणं. त्याच्या ओठांचे कोपरे हलले आणि त्याने पटकन तोंडावर हात धरला. मला मात्र हसू आवरेना, आणि मग रडूही आलं. त्यानंतर तो हसला नाही. फार कडक बोलला. त्या वाटेने तळमजल्यावरच्या बाईची मुलं शाळेतून येतात, पाच मिनिटांचा फरक पडला असता तर आपण इथे असे बसलो नसतो, हे त्याने मला दोनदा सांगितलं आणि माझ्याकडून वदवून घेतलं. लेखी ताकीद दिली. काठीला कपड्यांखेरीज काही टांगायचं नाही, हेही लिहून घेतलं.

बाबांनी शेवटी विचारलं, "सर, अवर पीआर अॅप्लिकेशन..."

"दॅट वन नॉट माय साइड," तो म्हणाला. "बट यू कम युअरसेल्फ. आय राइट दॅट ऑल्सो."

बाबा उभे राहिले आणि त्यांनी त्या पोराचा हात दोन्ही हातांत धरून हलवला, नको तितका वेळ.

पत्र पुढे कित्येक महिन्यांनी आलं, होकाराचं. त्या ताकिदीचा त्यात काही हात होता की नव्हता, आम्हाला कधी कळलं नाही. भुंगेही आले. चिरा न गेलेली सतरा पेरं आईने झोळीत घालून बागेतच सावलीत सावकाश वाळवली, पेटीत घट्ट रचली, तोंडं किंचित खाली झुकवून, म्हणजे पाणी आत जाणार नाही. एके दिवशी पेटीखालच्या पानांवर ताजा भुसा पडलेला दिसला आणि लिम अंकल आम्हाला बोलवायला इमारतीखाली येऊन हाका मारू लागले. पण आई आणि मी त्या काळाबद्दल बोलायला बसलो की आम्हाला आठवते ती परतीची बस.

भर दुपार होती, बस रिकामी होती. बाबा आम्हा दोघींच्या मध्ये बसले. पोलीस स्टेशन मागे पडलं न पडलं तोच त्यांची मान आईच्या खांद्यावर कलंडली. चारचौघांत आईच्या शेजारी बसतानासुद्धा मध्ये पिशवी ठेवणारे माझे बाबा, तोंड उघडं टाकून, घोरत होते. समोरची चिनी आजीबाई गालात हसत होती. आई ताठ बसून होती, खांदा जराही न हलवता. आमची इमारत दिसू लागली, तेव्हा मी बेल दाबायला हात उचलला. आईने तो धरून हळूच खाली घेतला.

"झोपू दे गं त्यांना," ती म्हणाली. "शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊ आणि मागे येऊ."